हजारी कारंज्याला पाणी कुठून यायचं?

नोव्हेंबरच्या १९ ते २५ तारखांना जगभर वारसा सप्ताह पाळतात. पुण्यात तो नेमका थंडीच्या तोंडावर येतो. पंखे बंद झालेले असतात, कपाटातल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास सुटलेला असतो, आणि व्हॉट्सअॅपवर 'चला शनिवारवाडा', 'चला पाताळेश्वर' असे निरोप पडायला लागतात. यंदा त्यात किल्ल्यांची भर होती. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारसा यादीत गेली. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आपल्याच जिल्ह्यातले. त्यामुळे ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ती सगळी मंडळी गडावर, आणि पेठेत उरलो आम्ही.

आमच्या गल्लीत एक गणपती मंडळ आहे. दहा दिवस ढोल-ताशा आणि उरलेलं वर्ष कॅरम. या पोरांच्या डोक्यात आलं, की आपणही सप्ताहात काहीतरी करू. ते माझ्याकडे आले, कारण माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. 'काका, तुम्हाला पेठा माहीत आहेत,' म्हणाले. माहीत आहेत, पण जमिनीखालून. कुठल्या बोळात कुठला व्हॉल्व्ह आहे, कुठली लाइन कुणाच्या ओट्याखालून गेली आहे, कुठे चावी फिरवली की कुणाच्या घरातून फोन येतो, हे मला पाठ. कुठल्या वाड्याच्या कोनाड्यात कुठली नक्षी आहे, ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

मी म्हटलं, शनिवारवाडा मी दाखवणार नाही. शनिवारवाड्याला पाणी कसं यायचं ते दाखवतो.

पोरांचे चेहरे पडले. एकजण म्हणाला, 'काका, त्यात रील कशाचं करायचं?' त्याला 'काका मला वाचवा' हवं होतं. ते पुण्यात सगळ्यांनाच हवं असतं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, त्याला अडीचशे वर्षं उलटून गेली, तरी वाड्यात शिरलेला माणूस पहिल्यांदा विचारतो की आवाज अमावास्येला येतो की पौर्णिमेला. वाड्यात सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं आहे. त्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात. नाव हजारी असलं तरी त्याच्या तोट्या दोनशेच्या आतच आहेत, पण ते सोडा. विजेचा पंप नव्हता त्या काळात हे कारंजं उडत कसं होतं, असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कारंज्याला दाब लागतो, दाबाला उंची लागते, आणि वाडा तर नदीकाठच्या सखल भागात. मग उंची आणली कुठून?

उत्तर कात्रज.

रविवारी सकाळी सात वाजता सारसबागेच्या दारात जमायचं ठरलं होतं. मला वाटलं होतं आमच्याच गल्लीतले चार लोक येतील. पण कोथरूडहून आलेलं एक जोडपं होतं, बिबवेवाडीची शाळेतली एक बाई आपल्या वर्गातल्या मुलांना घेऊन आली होती, आणि गंज पेठेतल्या एक आजी होत्या, ज्या सबंध फेरीत माझ्यापेक्षा पुढे चालत होत्या. मंडळाने माइक आणला होता. तो मी बंद ठेवायला लावला. सकाळी सातला सारसबागेत गणपतीला आलेली माणसं असतात, त्यांना कशाला आपलं भाषण?

सुरुवात इथून करण्याला कारण होतं. आज जिथे हिरवळ आहे आणि शेजारी पेशवे पार्क आहे, तिथे तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी ते करवून घेतलं. मधल्या बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपती बसला, म्हणून हा तळ्यातला गणपती. तळं गेलं, गणपती राहिला. थंडी वाढली की त्याला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे सांगितल्यावर शाळेतल्या मुलांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. स्वेटर कोण विणतं, माप कसं घेतात, सोंडेचं काय करतात. मला त्यातलं काहीच सांगता येईना. शेवटी एक मुलगी म्हणाली की पेशवे पार्कात पूर्वी वाघ होते असं तिचे आजोबा सांगतात. होते. ते सगळं प्राणिसंग्रहालय नंतर कात्रजला गेलं. म्हणजे ज्या गावाहून पुण्याला पाणी आलं, त्याच गावाला पुण्याने आपले वाघ पाठवले. या वाक्यावर मुलं माझ्याकडे वळली, आणि मग मी पाण्यावर आलो.

हे मी जरा सावकाश सांगतो, कारण माझ्या मते पेशव्यांच्या पुण्यातलं सर्वांत डोकेबाज काम हेच आहे. नानासाहेबांच्या कारकिर्दीत, साधारण १७५० च्या सुमारास, कात्रजला आंबील ओढ्यावर दोन बंधारे घातले. वरच्या तळ्यात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात यायचं. तिथून चुन्यात बांधलेला, वरून कमान घातलेला बंदिस्त दगडी नळ थेट शहरापर्यंत आणला. नळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पाइप येईल. हा नळ म्हणजे भुयार आहे, माणूस आत उभ्याने चालेल एवढ्या उंचीचं. पाणी स्वतःच्या वजनाने वाहत येणार, ढकलायला कुणी नाही. म्हणजे सगळी मदार उतारावर. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ वाटेतच बसतो आणि नळ तुंबतो. मैलोनमैल तो उतार राखायचा, तोही टेकड्या आणि ओढे सांभाळून, लेव्हलची आजची यंत्रं हाताशी नसताना. आमच्या वेळी दुर्बिणी होत्या, नकाशे होते, तरी एखाद्या नव्या लाइनीला उलटा उतार निघायचा आणि मग खोदाई पुन्हा. कुठे आणि कुणाच्या काळात, ते लिहीत नाही.

वाटेत ठरावीक अंतरावर जमिनीतून वर आलेले दगडी चौकोनी बुरूज दिसतात. हे उच्छ्वास. जुनी माणसं उसासे म्हणतात. पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूला काही अजून उभे आहेत. काहींच्या भोवती पत्र्याचं दुकान आहे, काहींवर जाहिरात चिकटवली आहे. बऱ्याच लोकांना ते जुनं थडगं किंवा समाधी वाटते, एका ठिकाणी तर मी हार घातलेला पाहिला आहे. उसाशाचं काम मात्र चहूबाजूंनी आहे. नळातली हवा बाहेर पडायला तो वाट देतो. साफसफाईला माणूस उतरवायचा तर तिथून. तळ नळापेक्षा खोल ठेवलेला, म्हणून उरलासुरला गाळ तिथे बसणार. आणि वाटेवरचे लोक दोर टाकून तिथूनच पाणी शेंदणार. आमच्या खात्यात एअर व्हॉल्व्ह, मॅनहोल आणि सेटलिंग टँक ही तीन टेंडरं निघाली असती.

शहरात शिरल्यावर हे पाणी पेठापेठांतल्या हौदांमध्ये सोडलं, खापरी नळांनी वाटून. वाड्यातही गेलं, कारंज्यालाही गेलं. कात्रज उंचावर आणि शनिवार पेठ खाली, ही ती उंची. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगाव-नऱ्ह्याच्या बाजूने दुसरा नळ आणला, तो सदाशिव पेठेच्या हौदाला. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी आपल्या पेठेसाठी कोंढव्याकडून आणला. अठरावं शतक संपत आलं तेव्हा पुण्याला असे स्वतंत्र नळ होते, आणि ज्याने बांधले त्याच्या नावाने ते ओळखले जायचे.

कोथरूडच्या गृहस्थांनी विचारलं, की मग हे सगळं बंद कधी पडलं? एकदम पडलं नाही. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, कालवा आला, हळूहळू घरात लोखंडी नळ आले. हौदावर जायची गरज संपली. गरज संपली की हौद म्हणजे रस्त्यातली अडचण. कुठे बुजवला, कुठे वर चौकी बसली, कुठे पार झाला. आज काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी हे रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते आहेत. रिक्षावाला बरोबर नेतो, हे विशेष.

त्या गंज पेठेच्या आजी इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, 'हौदावर पाणी कोण भरायचं, ते सांगा की.'

बरोबर आहे. मी अभियंता माणूस, मला उतार दिसतो. पाणी वाटताना मात्र जात बघूनच वाटलं जात होतं. पेशव्यांनी आणलेलं पाणी सगळ्या पुण्याचं नव्हतं. ज्यांना अस्पृश्य म्हटलं जायचं त्यांनी हौदाला हात लावायचा नव्हता. त्यांनी लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं घ्यायचं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घराजवळचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. म्हणून आमच्या फेरीतला पुढचा थांबा फुलेवाडा होता. माझ्या कागदावर तिथे पाच मिनिटं लिहिलेली होती. आजींनी अर्धा तास घेतला, आणि तो सगळ्या सकाळचा उत्तम अर्धा तास होता. त्यांच्या सासूच्या सासूने काय सांगितलं होतं, ते त्यांनी सांगितलं. ते त्यांचं आहे, इथे मी लिहीत नाही. पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवून त्यांच्याच तोंडून ऐका.

जवळच पंच हौद. चर्चचा मनोरा पेठेतल्या घरांवरून लांबून दिसतो. नावात हौद असला तरी हे ठिकाण गाजलं ते चहाने. १८९० मध्ये मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुण्याच्या पुढाऱ्यांसमोर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांची नावं छापून आली, आणि मग ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, चौकशी, प्रायश्चित्तं. टिळक त्यात, रानडे त्यात. एका कपापायी. शाळेतल्या मुलांना हा प्रकार काही केल्या पटेना. एकाने विचारलं, 'पण चहा घेतला का नाही त्यांनी?' मी म्हटलं, काही जणांनी घेतला, काही जणांनी समोर ठेवून दिला, आणि पुण्यात त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. 'म्हणजे आमच्या सोसायटीसारखं,' असं त्याच्या शाळेच्या बाई हळूच म्हणाल्या.

एक वाडा वाटेत होता, तो दाखवायचा राहिला. मालकांच्या सूनबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, आमची आंघोळीची वेळ आहे, नंतर या. योग्य बोलल्या. सप्ताहात मला एका गोष्टीचा राग येतो, तो इथे काढून घेतो. वाड्यात माणसं राहतात. त्यांच्या चौकात कपडे वाळत असतात, माळवद गळत असतं, भाडेकरू आणि मालक यांचा दावा चालू असतो, दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत नसतं. आणि पंचवीस माणसं आत शिरून 'वॉव, काय ते खांब' म्हणतात. खांब सागवानी आहेत हे त्यांना माहीत आहे. वाळवी लागली आहे हेही माहीत आहे. तुम्ही जाणार घरी, फ्लॅटमध्ये.

मंडईत चहा झाला. पेरू, आवळे, शिंगाडे, सीताफळं, हिरव्या मटाराचे ढीग. थंडीतली मंडई सकाळी बघावी, आणि शक्यतो पिशवी घेऊन बघावी, नाहीतर बायको विचारते की एवढं फिरून आलात ते रिकाम्या हाताने? १८८६ मध्ये ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत उभी राहिली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज तिला नाव महात्मा फुले मंडई. पुण्याची ही जुनी पद्धत आहे.

पुढे कसब्यात, तांबट आळीत. गणपती मंडळाच्या पोरांना इथे काय पाहायचं ते कळेना, म्हणजे कळेपर्यंत कळेना. आवाज आधी येतो. दोन-तीन दुकानांतून एकाच वेळी हातोड्या पडत असतात, प्रत्येकाची लय वेगळी. पेशव्यांच्या काळापासून इथे तांबट आहेत. हंडे, कळशा, घंगाळं, बंब, सगळं हाताने. गार पत्रा ठोकत राहिलं की तांबं कडक होतं, फार कडक झालं तर तडकतं, म्हणून मधूनमधून भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. शेवटी मठारकाम. भांडं लोखंडी दांड्यावर टेकवून गोल तोंडाच्या हातोडीने ओळीत ठोके द्यायचे. तो ठिपक्याठिपक्यांचा पोत आपण नक्षी समजतो, पण त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला पोचे पडत नाहीत. आम्ही गेलो त्या मामांनी डोळे न उचलता आमच्याशी बोलत एक सबंध ओळ पुरी केली, आणि ओळ सरळ होती. रीलवाला पोरगा पाऊण तास तिथून हलला नाही. शनिवारवाड्याला तो आलाच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये आधीच एक कार्यक्रम होऊन गेला होता, त्याचं इथे सांगतो, कारण तो याच तांब्याशी जोडलेला आहे. पाण्याचा विषय आहे तर पाण्याची भांडी मांडू, असं गल्लीतल्या बायकांनी ठरवलं. माळ्यावरून काय काय उतरलं! तपेली, चरव्या, गडू, पंचपात्रं, तीन पिढ्यांपूर्वीची नावं कोरलेले तांबे, आणि मधोमध पाच बंब. चिंच आणि मीठ लावून सगळं आधल्या दिवशी घासलं होतं, हॉलभर आंबूस वास होता. शेजारच्या काकूंनी बंब पेटवून दाखवायचा हट्ट धरला. हॉलमध्ये धूर नको म्हणून तो बाहेर बोळात नेला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंबाच्या मधून उभी नळी जाते, खाली जाळी. नळीत लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या टाकून पेटवायचं. भोवतीच्या भांड्यात पाणी. वरच्या तोंडातून गार पाणी ओतलं की खालच्या तोटीतून कढत पाणी. जेवढं ओताल तेवढं मिळेल, ओतणार नाही त्याला मिळणार नाही. एकत्र कुटुंबात हा न्याय फार उपयोगी होता. काकूंच्या माहेरी सकाळी पहिल्यांदा आजोबा, मग शाळेतली मुलं, मग बाकीचे, आणि शेवटी जो येईल त्याने राख काढायची, असा नियम होता. 'मी कधीच शेवटी नव्हते,' काकू म्हणाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीने मागून सांगितलं, 'कारण मी होते.' मग दोघींचं जे सुरू झालं त्यात बंबाला विसरून पाणी उकळून तोटीतून वाफ यायला लागली.

त्याच संध्याकाळी पानशेतचा विषय निघाला. पुण्यात पाण्यावर दहा मिनिटं बोललं की पानशेत निघतंच. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मी तेव्हा रांगत होतो, मला आठवायचा प्रश्न नाही. पण हॉलमधले जे सत्तरी-ऐंशीचे होते त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला नवी नसली तरी पोरांना नवी होती. पूर ओसरल्यावर सगळीकडे चिखल आणि नळाला थेंब नाही. मग लोक वाड्यातल्या आडांकडे वळले. ज्यांनी आड बुजवले नव्हते त्यांच्या दारात रांगा लागल्या. एक आजोबा म्हणाले, 'आमच्या आडावर अख्खी आळी पाणी भरायची, आणि आई प्रत्येकाला सांगायची, दोर ओढताना कठड्याला घासू नका.' त्यांचा आड आजही आहे. वर जाळी बसवली आहे आणि जाळीवर कुंड्या.

आणि एक गोष्ट मी रविवारी मुद्दाम दांडेकर पुलाच्या दिशेला बोट दाखवून सांगितली, ती करमणुकीची नाही. पेशव्यांनी ज्याच्यावर कात्रजला बंधारे घातले तो आंबील ओढा पूर्वी गावातून वाहायचा. तो वळवून पश्चिमेकडून नदीला नेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि हाच ओढा घराघरांत शिरला. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. मी निवृत्त झालो होतो, तरी दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे गेले. ओढ्याचं पात्र जिथे असायला हवं तिथे भिंत होती. नळाचा उतार ज्यांनी इतका अचूक राखला त्या लोकांना ओढा किती जागा मागतो हे माहीत होतं. कात्रजच्या तळ्यावर दर रविवारी फिरायला जाणाऱ्यांनी कधीतरी सांडव्याजवळ उभं राहून खाली शहराकडे बघावं, एवढंच मी मुलांना म्हटलं. शाळेच्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

शनिवारवाड्याला पोचलो तेव्हा निम्मी मंडळी गळाली होती. ऊन चढलं होतं, स्वेटर कमरेला बांधले गेले होते. १७३० च्या १० जानेवारीला याची पायाभरणी झाली, १८२८ मध्ये आत आग लागली आणि उरले ते तट, दरवाजे आणि जोती, हे सगळं तिथल्या पाटीवर आहे, त्यामुळे मी बोललो नाही. कारंज्यापाशी गेलो. मुलांना विचारलं, आता सांगा, हे उडायचं कसं? एकाच वेळी सात-आठ जण ओरडले, 'कात्रज!' शेजारी दुसऱ्या एका सहलीतला गाइड भुताची गोष्ट सांगत होता. त्याच्या घोळक्यातली दोन माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. मग त्यातली एक बाई येऊन म्हणाली, कात्रज काय? तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं आमच्या बिबवेवाडीच्या मुलांनी, आणि खापरी नळ सोडला तर काहीही चुकवलं नाही.

मंडळाचा हिशोब परवा झाला. खर्च चहाचा आणि बॅनरचा. बॅनरवर कुणाचा फोटो घालायचा यावर वाद होऊन शेवटी उसाशाचा फोटो घातला, ही मंडळाच्या इतिहासातली मोठी क्रांती मानतो. शिल्लक रकमेतून काय करायचं यावर तीन सूचना आल्या. एक, पुढच्या वर्षी मोठा स्पीकर. दोन, हौदांच्या जागी पाट्या. तीन, ती रीलवाल्या पोराची. त्याला स्वारगेटपासून कात्रजपर्यंत चालत जाऊन जेवढे उसासे उरले आहेत तेवढ्यांचे फोटो आणि जागा फोनच्या नकाशावर टाकायच्या आहेत. कुणी पाडायला निघालं तर निदान तिथे काय होतं हे सांगता येईल, असं तो म्हणाला. मी त्याच्या बाजूने मत दिलं. स्पीकरवाल्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला आहे.

तर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला निघतोय. जमायची जागा स्वारगेट, सातारा रस्त्याच्या तोंडाशी. पायात बूट हवेत, रहदारी आहे, लहान मुलांना नका आणू. उसाशाच्या आत कुणी डोकावायचं नाही, उतरायचं तर नाहीच, मी ओरडतो. कात्रजला पोचल्यावर मिसळ ज्याची त्याने. आणि पाण्याची बाटली घरून भरून आणा, वाटेत कुठे मिळेल याचा भरवसा नाही.